काकांचा उजवा पाय

माझ्यासारख्याने लिहायला बसावं का, मला माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. या आगाऊपणाबद्दल आधीच माफी मागतो. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही.

बुलढाण्यात मी सरांच्या घरी, मागच्या खोलीत राहायचो. सर निवृत्त प्राध्यापक. नामदेवकाका त्यांचे ड्रायव्हर, मेहकरकडचे, माझ्याच गावचे. ती खोली मला त्यांनीच मागून दिली होती. हे आधी सांगायला हवं.

सरांनी इलेक्ट्रिक कार घेतली तेव्हा शोरूममध्ये मीही गेलो होतो. या गाडीचं एक वेगळं असतं — अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती पुढे घरंगळत जात नाही, ब्रेक दाबल्यासारखी आपोआप अडते. सवय होईपर्यंत हे अडणं स्क्रीनवर कमी करून ठेवता येतं. तिथल्या माणसाने मला ते करून दाखवलं. सर म्हणाले, "काकांना नीट समजावून सांग."

मी सांगितलं का? नाही. उलट ते अडणं सगळ्यात जास्त करून ठेवलं. काकांना स्क्रीनवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं — हे मला ठाऊक होतं, म्हणून तर.

उतार आला की पाय उचलायचा आणि गाडी मोकळी सोडायची, ही काकांची डिझेलच्या काळातली सवय. राजूर घाटात त्यांनी तेच केलं. गाडीने असा हिसका दिला की माझ्या शेजारी मागे बसलेल्या बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, पुढच्या सीटवर आदळल्या, मांडीवरचा चिवड्याचा डबा उपडा झाला. पाय एकदम उचलू नका, हळूहळू सोडा — एवढंच तर सांगायचं होतं. मी मागून म्हणालो, "काका, गाडी चालवून राह्यले का बैल थांबवून राह्यले?"

सगळे हसले. काकाही हसले. "पायच ऐकून नाही राह्यला बा," म्हणाले.

मग रोज तेच. रोज हिसके, रोज सरांसमोर माझा शिकवण्याचा आव, रोज माझा नवा टोमणा. एका संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. "तू शिकलेला हायेस बाप्पा. सांग न, काऊन अशी करते ही?"

"गाडी बरोबर हाये, काका," मी म्हणालो. "तुमचं वय झालं."

का केलं मी असं? कॉलेजात माझ्या 'मले-तुले'वर पोरं हसायची. आणि इथे कोणीतरी माझ्यापुढे अडाणी दिसत होतं — ते मला गोड लागलं. बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधूनही सापडत नाही.

सरांनी काकांना घरी बसवलं. गाडी मलाही चालवता यायची, म्हणून किल्ली माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी स्क्रीनवर जाऊन ते अडणं कमी केलं. घाट उतरल्यावर बाई म्हणाल्या, "पोटातलं पाणीही हललं नाही रे!" मी आरशात बघून हसलो.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. काकांनी अकोल्याला जाऊन पाय दाखवला. डॉक्टर म्हणाले, पायाला काहीच झालेलं नाही. काकांना ते पटलं नाही. त्यांनी मोटारसायकल विकून टाकली. नातीला आता शाळेत चालत नेतात, आणि रस्त्यात कोणी विचारलं तर सांगतात — "त्या शिकलेल्या पोरानं लय जीव तोडून शिकवलं मले. माह्या पायातच दम नाही राह्यला."