रिकाम्या माईकची पट्टी

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. कर्जतला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, पंधरा-सोळा वर्षं झाली. "मशीनला कुणाची तरी नजर लागलीय हो" म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी रॅमवरची धूळ पुसून दाखवतो आणि वर चार शब्द सुनावतो. तोंडाने फटकळच आहे मी, बायको म्हणते ते खोटं नाही. पण गेल्या वैशाखात जे झालं ते मात्र... लिहितो. हसायचं तर हसा.

माझा मामा पोशीरला राहतो. भातशेती करतो. मामी धवलारीण होती, म्हणजे आमच्याकडे लग्नात प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई. आजूबाजूच्या गावांत लग्न ठरलं की पहिला सांगावा मामीला. मी त्यांना एक जुना डेस्कटॉप दिला होता, लिनक्स टाकून, कारण विंडोज त्यावर अक्षरशः रांगत होतं. सोबत एक हेडफोन-माईक. मामाने हळूहळू शिकून मामीचे बावीस धवले त्यावर रेकॉर्ड केले. फक्त हळदीचा राहिला. तो ती गायचीच नाही. "मांडव नाय, नवरी नाय, नि हळद लावू कुनाला? नातीच्या लग्नात गाईन, तवा घे काय घ्यायचं ते," म्हणायची. नातीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं आणि ऐन पौषात मामी दम्याने गेली. तो धवला दुसऱ्या कुणालाच येत नव्हता.

वर्षाच्या आत उरकायचं म्हणून लग्न पुढे ढकललं नाही. हळदीच्या दिवशी दुपारी बाराला मामाचा फोन. "संजू, कॉम्पुटरचा आवाज येत नाय रं. गानं चालू दिसतंय, पन स्पीकर मुका."

खरं तर हे रडगाणं तो दोन महिने सांगत होता. मी "बघतो, बघतो" करत टाळत होतो. गेलो शेवटी बाईक काढून, चरफडत. मांडवात बायका जमलेल्या, जात्यावर हळद दळून झालेली. मामा आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलेला.

म्हटलं, "मामा, फाईली मोबाईलवर घेतो, डीजेवाल्याच्या स्पीकरला लावू. दोन मिनिटांचं काम."

"नको. ती हितं बसून गायलीय, हितूनच लाव," मामा म्हणाला. हट्टी माणूस!

लिनक्समध्ये आवाज गेला की नव्वद टक्के वेळा भानगड एकच असते. आवाज स्पीकरऐवजी मॉनिटरच्या केबलकडे जात असतो. इथेही तेच दिसलं. सेटिंग बदललं... आवाज नाही. साऊंडची सर्व्हिस रिस्टार्ट केली, नाही. टर्मिनलमध्ये मिक्सर उघडून म्यूट काढलं, ऑटो-म्यूट बंद केलं, स्पीकर माझ्या मोबाईलला लावून बघितला. स्पीकर ठणठणीत. बाहेरून मामाची सून दोनदा डोकावून गेली, "झालं का ओ भावजी? बाया थांबल्यात." माझं डोकं तापायला लागलं.

मग व्हॉल्यूम कंट्रोलची खिडकी उघडून मी एकेक टॅब बघत गेलो. इनपुटच्या टॅबवर गेलो तर माईकची, म्हणजे माईकमधून येणारा आवाज दाखवणारी, पट्टी हलत होती.

माईकच नव्हता हो! तो हेडफोन मोडून कधीच फेकला होता. माईक लावायचं मागचं गुलाबी भोक रिकामं. वाटलं, पुढच्या पॅनलची वायर सैल असेल, त्याचा नॉइज. कॅबिनेट उघडून ती वायर मदरबोर्डवरून उपटून काढली. पट्टी हलतच राहिली. वाचणारे जाणकार म्हणतील, मॉनिटर सोर्स असेल, म्हणजे मशीनवर चालू असलेल्या गाण्याचीच पट्टी. नव्हता. त्याची ओळ खाली वेगळी दिसत होती. आणि नॉइजची पट्टी एकसारखी थरथरते. ही चढत होती, उतरत होती, थांबत होती, पुन्हा चढत होती.

मामा खुर्ची ओढून जवळ आला. बराच वेळ बघत राहिला, मांडीवर बोट आपटत. मग अगदी हळू म्हणाला, "दोन ओळी... आता दम घेतला बघ. तिसरी अर्धी तोडती ती, दम्यापायी. संजू, हा हळदीचा हाय रं."

"काय मामा! करंट लीक होतोय नुसता," मी म्हटलं.

"रेकॉट दाब."

"अहो, त्यात काही नाहीये!"

"नसंल तर नसंल. दाब ना रं. तुजं काय जातं?"

खरंच, माझं काय जात होतं? रेकॉर्डरचं बटण समोर होतं. एक क्लिक. ऐकायला स्पीकर चालत नव्हता, तेव्हा आत काय आहे ते कळायचा तो एकच मार्ग होता. पण मी घामाघूम झालेलो, बाहेर बायका खोळंबलेल्या, आणि माझ्यासारख्या माणसाने असल्या येडेपणाला मान द्यायचा? छे! "आधी ही कटकट बंद करू," म्हणालो आणि माईक म्यूट केला. पट्टी मधेच थांबली.

त्याच क्षणी स्पीकरमधून मामीचा आवाज आला. मामाने लावून ठेवलेला, मांडवाचा धवला. बाहेर बायका "आला, आला!" करून ओरडल्या. मी लगेच म्यूट काढून पाहिलं. पट्टी सपाट. टेबलावर थापा मारल्या, वायर पुन्हा जोडली, काढली... काही नाही.

मामा म्हणाला, "बरं." एवढंच. वर बाहेर जाऊन चारचौघांत सांगितलं, "भाच्यानं लय मेनत घेतली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रणालीला हळद लावायची वेळ आली तेव्हा गायला कुणीच नव्हतं. बायकांनी गप्पच हळद लावली आणि मामा मांडवाच्या खांबाला टेकून खाली बघत होता.

ते मशीन मी नंतर दुकानात आणून आठवडाभर तपासलं. साऊंड चिप, पॉवर सप्लाय, अर्थिंग, लॉग, सगळं. कशातच दोष नाही, तसंच परत नेऊन दिलं. माईक नसताना पट्टी का हलली, म्यूट केल्यावर स्पीकर का सुरू झाला, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी रेकॉर्ड केलं असतं तर कदाचित नुसती खरखर निघाली असती. पण मामाला ती तरी मिळाली असती ना! तीही मी त्याला मिळू दिली नाही.

गेल्या महिन्यात पोशीरला गेलो होतो. मामा शेतावर होता, म्हणून सहज कॉम्प्युटर लावला. एका फोल्डरमध्ये रेकॉर्डिंगच्या शंभरावर फाईली. रोज एक, दुपारची. तीन-चार उघडल्या. मामाने नंतर आणलेल्या नव्या माईकमधून आलेली पंख्याची घरघर, मामाचा श्वास, बाकी काही नाही. पाचवीत मधेच त्याचा आवाज आला, अगदी माईकला तोंड लावून बोलल्यासारखा —

"गा गं. आता बंद कराया कुनी नाय हितं."