सव्वासात तासांची मुलगी

आर्वीच्या आमच्या शाळेत मोबाइलच्या व्यसनावर कार्यक्रम ठरला आणि त्याची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली, कारण त्या दिवशी मीटिंगला उशिरा पोचलेला मीच होतो. सावंगीहून आलेल्या समुपदेशक बाईंनी मुलांना घरचे फोन आणायला सांगितले होते. फोन दिवसाला किती तास चालतो ते बघायचं आणि ज्याचे तास जास्त तो व्यसनी, इतकं सोपं शास्त्र होतं. नववीतली एक मुलगी सव्वासात तासांनी पहिली आली. ती शांतपणे म्हणाली, "सर, हा बाबांचा फोन आहे. मले अभ्यासासाठी अर्धा घंटा भेटते."

बाबा म्हणजे आमच्या पालक समितीचे अध्यक्ष. कार्यक्रम घ्याच म्हणून तेच मागे लागले होते. पण समुपदेशनाच्या फॉर्ममध्ये पालकांसाठी रकानाच नव्हता, म्हणून मी मुलीचं नाव लिहिलं. बापाच्या व्यसनासाठी तिने तीन शनिवार समुपदेशन घेतलं, तेही वहीत मुद्दे काढून. वडिलांना मी दोनदा भेटायला बोलावलं, त्यांना वेळ नव्हता. शेवटी मेसेज टाकला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, "पोरीवर लक्ष ठेवजा सर. मोबाइल मोठी खराब चीज आहे."