शेळीच्या पोटी मेंढरू

शेळीला काटा रुतला तर ती गाव गोळा करते. मेंढराला कितीही दुखलं तरी ते गप्प. असं का? मी दादाला विचारलं, तो हसला. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी चष्मा पुसला. आता विचारायचं कोणाला? दादाचे किस्से मात्र साचत चाललेत. एक सांगावा तर मागून सगळा कळप येतो.

दादा गावाकडं मेंढरं राखायचा. नंतर शहरात, पुंडलिकनगरात एका बिल्डिंगचा वॉचमन झाला, पण नजर मेंढपाळाचीच राहिली.

एकदा क्रांती चौकात सिग्नल लाल होता. माझ्या गाडीवर मागं बसलेल्या दादानं हळूच शीळ घातली. पुढचा रिक्षावाला दचकून निघाला आणि त्याच्यामागं अख्खी रांग! दादा म्हणाला, "बघ, काठीसुदिक लागली नाय!"

शहागंजात आईनं लुगड्यांची सगळी दुकानं पालथी घातली आणि शेवटी पहिल्याच दुकानात घेतलं. दादा म्हणाला, "आये, तू शेळी हायस. सगळी झुडपं चाखून बघतीस."
आई म्हणाली, "व्हय? मंग शेळीच्या पोटी तू मेंढरू कसं रं निपजलं?"

बिल्डिंगमधला एक कारवाला दादाला "अबे" म्हणाला. मी थेट त्याची कॉलर धरली. दादानं मला ओढून बाजूला घेतलं. "एडका हायस तू! आधी टक्कर मारतो, मंग बघतो भिंत व्हती का गेट!"

गावाकडं एका मेंढीचं कोकरू मेलं. ती चारा खाईना. दादानं मेलेल्या कोकराचं कातडं एका पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं. मेंढीनं वास घेतला आणि त्याला पाजलं. मी म्हणालो, "फसली!" दादा म्हणाला, "फसली नाय रं. तिलाबी कोणीतरी पायजेच व्हतं."

दादा कुशीला हात लावून बसायचा. "ॲसिडिटी हाय," म्हणायचा. मी सोडा आणून द्यायचो. सोडा!
दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर रागावले, "इतकं दुखत होतं, सांगितलं का नाही?"
दादा म्हणाला, "साहेब, जन्मभर मेंढरं राखली मी."
नंतर मला जवळ बोलावून एवढंच म्हणाला, "आईला उपाशी ठिऊ नको."

दादा गेल्यावर आई जेवेना. शेजारणी थकल्या, मामा थकला. मी भांडलो, ताटसुद्धा आपटलं.

मग खिळ्यावरचा दादाचा वॉचमनचा शर्ट काढला. धुतलेला नव्हता. तो अंगात घातला आणि आईला टेकून बसलो.

तिनं खांद्याला नाक लावलं. गावाकडं कोकराचं कातडं बांधायला दादाला दोरी आईनंच आणून दिली होती.

"जेवलास का रं?" म्हणाली, आणि भाकरी मोडली.