न पिकलेलं केस्तूड

माझा मेहुणा तापाने गेला, असं मी बायकोला सांगितलं होतं. ती असेपर्यंत खरं सांगायची छाती झाली नाही, म्हणून आता लिहितो.

तीस सालाच्या सुमारास हर्णेच्या एका मचव्यावर मी तांडेल होतो आणि तो माझ्या हाताखाली खलाशी. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या लंगोटीने सगळ्यांच्याच जांघा सोलवटत. गोड्या पाण्याने धुऊन खोबरेल लावलं की भागत असे, पण पिंपातलं पाणी मी प्यायलाच राखलं होतं. त्याच्या जांघेत केस्तूड उठलं आणि जाळं ओढताना तो मटकन खाली बसला. मी लाथ घातली.

"भावोजी, अजून पिकलं नाही. पोटीस बांधू द्या."

"बाळंतीण झालास काय रे? थांब, आत्ता पिकवतो."

दोघांना त्याचे हात धरायला लावून मी ते अंगठ्यांनी पिळलं. पू आलाच नाही, नुसतं रक्त आलं. तो माझ्या मनगटाला कडकडून चावला, तेव्हा दात पडेपर्यंत मी त्याला बुक्क्यांनी मारलं.

मांडी काळीनिळी पडली, अंग भाजू लागलं, आणि पाचव्या दिवशी तो मेला.

"शेवटी काय म्हणाला?" बायकोने विचारलं.

"तुझं नाव घेतलं," मी म्हणालो.

खरं तर शुद्ध जाईपर्यंत तो मला शिव्याच देत होता.