आजवाले सर

आजवाले सर आकडा कधी बसून वाचत नसत. ताळेबंदाचं पान हातात आलं की ते खुर्चीतून उठत आणि अकोल्यातल्या आमच्या अरुंद ऑफिसात कूलरपासून दारापर्यंत फेऱ्या मारत. आकडा अडला की फेऱ्या वाढत, चष्मा कपाळावर जाई आणि मग तो चष्मा आम्ही सगळ्यांनी शोधायचा. मी नुकतीच सी.ए. होऊन त्यांच्याकडे कामाला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी मान दुखायला लागली. बोलायचं कोणाशी, तर चालत्या माणसाशी!

नाव त्यांचं मनोहर. पण ज्या कंपन्यांचं ऑडिट आम्ही करत असू, तिथे सगळे त्यांना आजवाले सरच म्हणत. कोणी शेअर दाखवो, रोखे दाखवो, त्यांचा प्रश्न ठरलेला: "आज काय भाव?" समोरचा बिचारा सांगायचा, सर, घेतले तेव्हा अमुक भावाने घेतले होते. झालं, सर भडकायचे. "घेतलं तवाचं मले काऊन सांगून राहिला? आज इकाले काढलं तर घेनारा काय देईन, ते सांग. अडून इकलं तसं नाही. दोघंही शहाणे, दोघंही राजी, तवाचा भाव." वाजवी मूल्य, वाजवी मूल्य म्हणून आम्ही परीक्षेसाठी जे पाठ केलं होतं, ते हेच. देण्यांनाही ते हाच न्याय लावत. "हे देनं दुसऱ्याच्या गळ्यात घालाचं म्हनलं, तर तो आपल्याले किती मांगीन? तेवढं लिव्ह."

मूल्य काढायच्या तीन पायऱ्या असतात. पहिलीवर बाजारात लागलेला भाव, दुसरीवर तशाच दुसऱ्या वस्तूचा भाव. तिसरीवर भाव नसतोच. तिथे पुढच्या वर्षांच्या नफ्याचा अंदाज बांधून किंमत काढायची. या तिसऱ्या पायरीवर सरांचा भारी राग. "इथं मानूस पयले सोताले फसवते, मंग आपल्याले," असं ते म्हणत आणि कागद टेबलावर टाकून गाडीची किल्ली शोधू लागत. अंदाज कागदावर तपासून त्यांचं समाधान होत नसे. तो जिथून आला तिथे जाऊन विचारलं पाहिजे. भर मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, आमची वरात निघे.

अशाच एका मे महिन्यात सुरेशभाऊंच्या कंपनीचं काम निघालं. सुरेशभाऊ आणि सर अचलपूरच्या एकाच शाळेतले, एका बाकावरचे. अख्ख्या अकोल्यात सरांना 'मन्या' म्हणणारा हा एकच माणूस. सकाळी दोघं फिरायला जात आणि भांडत परत येत. सुरेशभाऊंची खाद्यतेलाची कंपनी होती, शेअर बाजारात नोंदलेली. तिच्याकडे एका बियाण्याच्या कंपनीचे शेअर होते. त्या कंपनीचे शेअर बाजारात नसल्यामुळे किंमत तिसऱ्या पायरीवरच काढावी लागे. मुंबईच्या मूल्यांकनवाल्यांनी ती काढून पाठवली होती. रंगीत आलेख, गुळगुळीत कागद. कपाशीच्या बियाण्याची विक्री वर्षागणिक चढतच जाणार, असं त्यात धरलं होतं.

सरांनी तो कागद वाचत इतक्या फेऱ्या मारल्या की मलाच गरगरायला लागलं. मग आम्ही भातकुलीला गेलो, तिथून नांदगाव खंडेश्वरला. कृषी केंद्राच्या प्रत्येक दुकानात सर विचारत, यंदा पाकिटं किती मागवली? दुकानदार हसत. बोंडअळीला कंटाळून लोक सोयाबीनकडे वळत होते, मागचीच पाकिटं पडून होती. एक जण म्हणाला, "साहेब, कपाशीचं इचारून राहिले? तुमी मुंबईचे काय?" अचलपूरचा माणूस, पण सरांनी हा टोमणा मुकाट्याने ऐकून घेतला.

परत येऊन सरांनी नवा अंदाज धरला आणि किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. सुरेशभाऊ स्वतः ऑफिसात आले. एवढा तोटा दिसला तर बँक हात आखडता घेणार आणि नवी गिरणी, त्यांचं इतक्या वर्षांचं स्वप्न, राहून जाणार, हे त्यांनी सरळ सांगितलं.

"एक साल थांब, मन्या. भाव येईन."

"येईन तवा लिहू."

"माह्यासाठी बी नाही?"

सर खिडकीपाशी गेले, परत आले. "मुंबईवाल्याइचा आकडा राहिला तर मले अहवालात 'पटला नाही' असा शेरा मारा लागीन."

आकडा उतरला, गिरणी राहून गेली आणि सकाळचं फिरणंही बंद झालं. कंपनीने पुढे दुसरे ऑडिटर नेमले. सर एकटेच फिरायला जात आणि लवकर परत येत. मला त्यांची फार कीव यायची, पण तसं दाखवायची सोय नव्हती.

दोन वर्षांनी बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने ती बियाण्याची कंपनी विकत घेतली, तीही मुंबईवाल्यांच्या आकड्यापेक्षा चढ्या भावाने. त्याच दुपारी सुरेशभाऊ पेढ्यांचा डबा घेऊन जिना चढून आले. "म्हन आता, चुकलो म्हनून! एवढंच म्हन, उद्यापासून फिराले येतो."

सर उभेच होते. "त्या टायमाले जे दिसत होतं, त्यात माही चूक दाखव. मंग म्हनतो."

सुरेशभाऊंनी डबा टेबलावर ठेवला आणि ते गेले. पुढे कित्येक दिवस सर मला मध्येच विचारत, "आपन काही पाहाचं सोडलं होतं का, बाई?" मी नाही म्हणे. तेवढ्याने त्यांचं भागत नसे. ती जुनी फाइल पुन्हा निघे आणि फेऱ्या सुरू होत.

सर वारले ते अमरावतीला, मुलीच्या घरी. अंत्यसंस्काराला सुरेशभाऊ आले. चितेजवळ जाऊन ते मोठ्याने म्हणाले, "मन्या, आकडा बरोबर होता तुहा." लोक एकमेकांकडे पाहू लागले. मी त्यांना बाहेर गाठलं आणि याचा अर्थ विचारला.

"मन्यानं आकडा उतरवला त्या साली एक जन आला होता, बाई, ते बियाण्याचे शेअर घ्याले," ते म्हणाले. "त्यानं सांगतलेला भाव मन्याच्या आकड्याहून बी कमी होता. मी त्याले वापस धाडलं अन् मन्याले काईच सांगतलं नाही."

माझा तोल गेला. "मग पेढे घेऊन आलात तेव्हा तरी सांगायचं होतं! शेवटपर्यंत ते स्वतःची चूक शोधत होते!"

"सांगाले तर आलो होतो. जिन्यात वाटलं, पयले त्याच्या तोंडून 'चुकलो' आयकतो, मंग सांगतो."

"ते कधीच म्हणाले नसते, भाऊ."

"मालूम हाय न मले," सुरेशभाऊ म्हणाले. "शाळेपासून मालूम हाय."