सह्या आधी, ठराव नंतर

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. लपवायला तसं सोपंच गेलं — विचारणारंच कुणी नव्हतं. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? ते मला नीट सांगता येणार नाही.

मी मुख्याध्यापक होतो, वसमत तालुक्यातल्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. वडील देवळात पुजारी. आणि मी — दर रविवारी वसमतला आमच्या विचारांच्या मंडळींचा अभ्यासवर्ग भरायचा, तिथला वक्ता. परंपरावादी म्हणा, जुन्या वळणाचा म्हणा, मला राग नाही. मी सांगायचो, घर, देऊळ आणि गाव ही सरकारपेक्षा जुनी आहेत. जे पिढ्यानपिढ्या टिकलं त्यात शहाणपण असतं, त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करावा. आणि गावाच्या ताटात काय वाढायचं ते मुंबईत बसून ठरवू नये, गावाला विचारावं. हे सगळं मला आजही पटतं — म्हणून तर जास्त सलतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी कागद आला. शाळेच्या खिचडीबरोबर आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं. जी मुलं खात नाहीत त्यांना केळं. पालकांचं मत घेऊन ठराव पाठवा. म्हणजे जन्मभर मी जे मागत होतो तेच की! सरकार चक्क गावाला विचारत होतं. मग मला आनंद का झाला नाही?

खरं सांगू? विटाळाचा वगैरे प्रश्नच नव्हता. वाशीमला मुलीकडे जाताना कनेरगाव नाक्याच्या धाब्यावर मी स्वतः भुर्जी खायचो — भिंतीकडे तोंड करून. हसा खुशाल. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. मला धास्ती होती ती एवढीच, की माझ्याच शाळेत अंडं शिजलं तर रविवारच्या मंडळींना काय तोंड दाखवू?

पालकसभा झाली. आमच्याकडे रीत अशी — लोक घाईत असतात, कुणाला हळदीच्या शेतात जायचं असतं, म्हणून हजेरी घेतानाच वहीच्या तळाशी सह्या-अंगठे घेऊन टाकायचे. वर जागा कोरी. ठराव गुरुजी मागाहून लिहितात. कुणी वाचत नाही. का वाचावं? गुरुजींनी लिहिलंय ना!

सभेत धुरपताबाई उठली. शाळेत खिचडी शिजवणारी, बौद्ध वस्तीतली. तिची नात सुजाता तेव्हा पहिलीत होती, आई नसलेली. डॉक्टरांच्या तपासणीत तिचं वजन कमी भरलं होतं.

"गुर्जी, लेकरायला अंडं पायजेच," ती म्हणाली. "आमच्या घरी कुठं मिळून राहिलं ते? केळं खाणाऱ्याला केळं द्या, त्याला कोण न्हाई म्हनून राहिलं? पन हे बराबर लिवा तुमी."

बायांनी माना डोलावल्या. देवळाजवळच्या आळीतल्यांनीसुद्धा. दोघांनी तेवढं नाक मुरडलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या कोऱ्या जागेत लिहिलं — गावाच्या परंपरेस धरून, अंडे देण्यास पालकांची सर्वानुमते हरकत आहे. सर्वानुमते! खाली धुरपताबाईचा अंगठा उमटलेला होता. तो मी पाहिला. पाहिला — आणि वही मिटली.

रविवारी अभ्यासवर्गात ठराव वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. एका शिक्षकाने तो उतरवून घेतला, मग दुसऱ्याने, आणि आसपासच्या शाळांचे ठराव माझ्याच शब्दांत जाऊ लागले. पुढे वरून कळलं, या भागात लोकांची मागणी नाही. लोकांची! गावाला विचारा म्हणून गळा काढणारा मी, आणि गाव बोललं तेव्हा त्याचं तोंड दाबणाराही मीच. सरकारने नव्हतं फसवलं हो. मी फसवलं.

धुरपताबाईने एकदा चुलीपाशीच विचारलं, "काहून आलं न्हाई अंडं, गुर्जी?"

"मी लिहिलं होतं बाई," मी म्हणालो. "वरूनच नाही म्हणाले."

पहिलं खोटं कागदावरचं होतं. हे मी तिच्या तोंडाकडे पाहून बोललो. तिला खरं वाटलं. वस्तीत ती सांगत राहिली की गुरुजी आपल्यासाठी भांडले — आणि मी निवृत्त होईपर्यंत वस्तीतून मला मिळाला तो आदरच. तो मी घेतला. नको म्हणालो नाही.

निवृत्तीनंतर मी वसमतला राहायला आलो; गेल्या महिन्यात ती तिथे माझ्या दारात आली, सुजाताला घेऊन. पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, दवाखान्यात दाखवायला आणलं होतं. चौथीत आहे म्हणे. मला पहिलीतलीच वाटली. चहा झाला. निघताना म्हातारी नातीला म्हणाली, "पाया पड गं. आपल्यासाठी येकले हेच गुर्जी भांडले व्हते."

पोरगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मोठी हो."