शेवटचं पान आईचं

मित्रमैत्रिणींनो, गोष्ट एकाने लिहिली आणि शेवट दुसऱ्याने केला, तर ती कोणाची? मी घरातली पहिली पदवीधर, पण मला याचं उत्तर देता येत नाही.

माझी आई संत्र्याच्या पेट्या भरते. पेटीत अंथरायला रद्दी येते आणि ती नेहमी मागच्या बाजूने फाडतात. त्यामुळे आईने माझ्यासाठी वाचवून आणलेल्या भुतांच्या जुन्या हिंदी कॉमिक्सना शेवटचं पान कधीच नसायचं. तरी शेवट ती सांगायचीच.

आज पांढुर्ण्यात रद्दीच्या दुकानात त्यातलंच एक अख्खं कॉमिक मिळालं. ओसाड बंगल्यात एक म्हातारी वाटसरूला जेवू घालते. जेवताना त्याला भिंतीवर हार घातलेला स्वतःचाच फोटो दिसतो. छापलेल्या शेवटात वाटसरूच मेलेला निघतो. आईच्या शेवटात मात्र म्हातारी भूत होती, फोटो तिच्या मुलाचा होता, आणि तसाच दिसणारा कोणी पोटभर जेवला म्हणून ती सुटली.

घरी जपून ठेवलेली त्याची फाटकी प्रत शेजारी ठेवून मी विचारलं, "आई, तू शेवट मनानं सांगत होतीस?"

"मंग काय करू? तू त हटूनच बसे. अन् इतक्या दुरून आलेल्या माणसाले कायले मारा लागते?" आई हसली. "आता पूरं भेटलं ना तुले? मंग ते फाटकं दे पेटीत टाकाले."

चौथी शिकलेल्या माझ्या आईचा शेवट मला छापलेल्यापेक्षा भारी वाटला. तुम्हाला?

फाटकं कॉमिक मी दिलं नाही. तिचा शेवट कागदावर लिहून मागे चिकटवला आणि खाली लेखिका म्हणून तिचं नाव घातलं.